मुहेर, माहेर आणि रोजचंच

आमची आई दादरला भाजी विकायला जायची. वसईकडच्या आमच्या गावातून निघून पहाटेची गाडी गाठायची, लगेजच्या डब्यात वालपापडीच्या नि अळूच्या पाट्या चढवायच्या आणि त्या पाट्यांना टेकून उरलेली झोप काढायची. सुट्टीत कधीमधी मीही बरोबर असे. पुढच्या स्टेशनवर कुणी ओळखीची चढली की आतून आवाज यायचा, ‘काय गं, कसं काय?’ उत्तर ठरलेलं. ‘रेटतेय.’ ‘बरं आहे’ असं कुणी म्हणत नसे. बरं म्हटलं की दृष्ट लागते, आणि वाईट म्हटलं तर ऐकून घ्यायला सवड कुणाला? रेटतेय म्हटलं की विषय मिटला. मग पापडी आज काय भावानं जाईल, यावर बोलणं सुरू.

आईनं धंदा सोडला, त्यालाही बरीच वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या हातात काही झेरॉक्स पानं आली. माझी एक बालमैत्रीण सिस्टर, म्हणजे चर्चची संन्यासिनी, झाली आहे. थिऑलॉजी, म्हणजे आमच्या चर्चच्या मराठीत ईशज्ञान, ती पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात शिकली. ती भेटली की माझं एक जुनं रडगाणं सुरू होतं. दर शनिवारी चर्च झाडायचं आम्ही मुलींनी. आल्तारावरची, म्हणजे वेदीवरची, पांढरी कापडं धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून आणायची आम्ही. फुलं आम्ही. आणि रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी आल्तारापाशी उभं राहायचं मुलग्यांनी, ज्यांतल्या निम्म्यांना घंटा कधी वाजवायची तेही कळत नसे. (मुलींना ही मुभा व्हॅटिकननं १९९४ मध्ये दिली. तोवर माझं ते वय सरलं होतं.) हे सगळं पाचव्यांदा ऐकल्यावर सिस्टरनं पानं पुढं केली. ‘आधी हे वाच, मग बोल.’

पानांवर नाव होतं आदा मारिया इसासी-दियास या थिऑलॉजियन बाईचं. आणि एक शब्द सारखा येत होता, तो मी ‘मुजेरिस्ता’ असा वाचला. सिस्टर हसली. स्पॅनिशमध्ये तिथं ‘ह’ म्हणायचा. मुहेर म्हणजे बाई, मुहेरिस्ता म्हणजे बाईच्या बाजूनं उभी राहणारी. मला मात्र ऐकू आलं ‘माहेर’. पुढं जे जे वाचलं, ते त्या ऐकण्यातल्या चुकीतूनच वाचलं गेलं. ती चूक दुरुस्त करावी असं आजही वाटत नाही.

कारण आदा मारियाच्या गोष्टीची सुरुवातच माहेर सुटण्यापासून आहे. २२ मार्च १९४३ला हवानात जन्म. शाळा उर्सुलाइन सिस्टरांची. १९५९च्या जानेवारीत क्युबात क्रांती झाली आणि १९६० मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती निर्वासित म्हणून अमेरिकेत आली. चार दिवसांत परत जाऊ, अशा हिशेबानं निघालेल्या हजारो क्युबन घरांपैकी तिचं एक. त्या परक्या मुलखात तिला बायबलमधलं १३७वं स्तोत्र सापडलं. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे ते धरून नेलेले लोक. मराठी पवित्र शास्त्रात ते आपल्या वीणा वाळुंजाच्या झाडांना टांगून ठेवतात, कारण परक्या देशात परमेश्वराचं गाणं गायचं तरी कसं? हे स्तोत्र मला फार जवळचं वाटतं, असं तिनं एका मैत्रिणीजवळ बोलून दाखवलं. मैत्रीण थट्टेत म्हणाली, मग तू काय गिटार माडाला टांगणार का? मैत्रिणीच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी ती थट्टा तिला लागली, आणि पुढं कित्येक वर्षांनी या स्तोत्रावर लिहितानाही ती आठवत होती. या बायांना माझं दुःख कळायचं नाही, हे तिला त्या हसण्यात समजलं.

मी हे वाचताना थबकले. आपल्याकडे तर प्रत्येक बाई एकदा बाबेलला जाते, नि वर तिच्याकडून गाण्याची अपेक्षाही असते. पण ही तुलना लगेच आवरलेली बरी. सासरहून माहेरी जायला निदान एसटी असते. आदा मारियाच्या हवानाला तशी एसटी नव्हती. क्युबात तिचा पाय पुन्हा लागला, पण त्याला पाव शतक जावं लागलं.

अमेरिकेत येऊन ती उर्सुलाइन सिस्टरांच्या संघात दाखल झाली आणि १९६७च्या सुमारास मिशनरी म्हणून पेरूच्या लिमा शहरात गेली. काळ मोठा विलक्षण होता. १९६८ मध्ये कोलंबियात मेदेयीनला लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली. त्याच वर्षी पेरूतल्याच चिंबोते गावी गुस्ताव्हो गुतिएरेस या धर्मगुरूनं ‘मुक्तीची थिऑलॉजी’ हे शब्द उच्चारले. देव गरिबाच्या बाजूला उभा असतो, हे म्हणणं त्या दिवसांत हवेतच होतं. आदा मारियाला मात्र ते परिषदेत नव्हे, लिमाच्या वस्तीत कळलं. संतांपुढं मेणबत्ती लावणारी, मिरवणुकीत अनवाणी चालणारी, घरातल्या कोपऱ्यात चार तसबिरी मांडून त्यांच्याशी भांडणारी माणसं तिथं होती. शिकलेल्या मिशनऱ्याला हे अडाणीपण वाटायचं. तिला त्यात अडाणीपण दिसेना. याच माणसांनी आपल्याला सुवार्ता शिकवली, असं ती पुढं सांगत राहिली. आमच्या गावच्या नाक्यावरच्या क्रुसाला हार घालून तिथंच दोन मिनिटं गाऱ्हाणं सांगणाऱ्या बायका मला आठवल्या, आणि मी त्यांच्याकडे शहरात शिकून आल्यानंतर कसं बघत असे, तेही.

संघ तिनं १९६९ मध्ये सोडला. मधली वर्षं मी भरभर ओलांडते: नोकऱ्या, मध्ययुगीन इतिहासात एम.ए., मग न्यूयॉर्कची युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी, तिथं १९९० मध्ये पीएच.डी., आणि १९९१ पासून २००९ पर्यंत न्यू जर्सीतल्या ड्रू विद्यापीठात प्राध्यापकी. मधला एकच दिवस थांबून बघण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९७५, थँक्सगिव्हिंगची सुट्टी, डेट्रॉइट शहर. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरू होता यावं, यासाठी हजारावर बाया एकत्र जमल्या. फेमिनिस्ट म्हणून आपला जन्म त्या सुट्टीत झाला, असं ती म्हणत असे. रोमनं नकार द्यायला फार वेळ लावला नाही. १९७६च्या जाहीरनाम्यानं ते दार बंद केलं आणि १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला आणखी एक कडी घातली. म्हणजे ज्या वर्षी मुलींना आल्तारावर मेणबत्ती धरता येऊ लागली, त्याच वर्षी, याच्या पुढं येऊ नका, असंही सांगून झालं. आमच्या घरात जुन्या लोकांना याला एक शब्द होता: ओसरीपर्यंत.

पण तिचं खरं दुखणं वेगळंच निघालं, आणि मला ती इथून पुढं आवडू लागली. डेट्रॉइटच्या त्या बहुतेक गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणींत ती रमली. पण आपल्या क्युबन, पोर्तो रिकन, मेक्सिकन बायांचं काही वेगळं म्हणणं आहे, असं बोलू लागल्यावर हवा बदलली. ओळीत चाललीस तोवर आमची. पुरुषांच्या चर्चमध्ये ती बाई म्हणून बाहेर, बायांच्या चळवळीत लॅटिना म्हणून बाहेर. दलित स्त्रियांची कैफियत ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे नव्यानं समजावून सांगायला नको.

तेव्हा तिनं नाव शोधलं. कृष्णवर्णीय अमेरिकन बायांनी ॲलिस वॉकर या लेखिकेचा ‘वुमनिस्ट’ हा शब्द उचलून त्यावर आपली थिऑलॉजी उभी केली होती. त्याच चालीवर १९८९ मध्ये तिनं ‘मुहेरिस्ता’ हे नाव जाहीर केलं. त्याच्या आदल्याच वर्षी योलांदा तारांगो या मेक्सिकन-अमेरिकन सिस्टरबरोबर तिचं पहिलं पुस्तक आलं होतं. मग १९९३ मध्ये ‘एन ला लूचा’.

या शीर्षकापाशी मला लगेजचा डबा आठवला. क्युबात आणि आसपासच्या बऱ्याच स्पॅनिश मुलखात ‘कशी आहेस?’ला एक सर्रास उत्तर आहे: ‘आई, एन ला लूचा.’ यातला ‘आई’ म्हणजे आपलं ‘आहे तिथंच’, आपल्या आईशी त्याचा संबंध नाही. पण हेही मी मुद्दाम चुकीचंच ऐकते. ‘लूचा’ला मराठी शब्द काय द्यावा? शब्दकोश ‘संघर्ष’ म्हणतो, पण संघर्ष व्यासपीठावरचा आहे. ‘लढा’ मोर्चातला. ‘झगडा’ म्हटलं की नळावरची भांडणं डोळ्यांसमोर येतात. कसं काय, असं विचारल्यावर या तिन्हींपैकी काहीही कुणी बोलणार नाही. ‘आहे, रेटतेय’ हेच त्याचं भाषांतर. ते मला कुठल्याही कोशात मिळालं नसतं.

आदा मारियाची आई म्हणायची की देवाजवळ मागायचं ते आरोग्य आणि झगडायला लागणारं बळ. एवढं असलं की आणखी काही मागायला नको. दुःख देवानं दिलंय, मुकाट सोसा, हा चर्चमधला जुना उपदेश. त्या आईनं तो एका वाक्यात बाजूला सारला, लेकीला त्याची पुस्तकं लिहावी लागली. आमच्या आत्मचरित्रांत सोसणाऱ्या बायांचं भारी कौतुक असतं. सोसणं आणि रेटणं यांतला फरक ज्यांनी आयुष्यभर पाटी उचलली, त्यांना विचारावा.

पुस्तक लिहायची तिची रीत बघा. ती बायांकडे गेली. प्राध्यापिका नव्हेत, लेखिका नव्हेत. घरकाम करणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या. देव तुला कसा वाटतो, बरोबर काय नि चूक काय हे तू कसं ठरवतेस, असं विचारलं आणि त्यांची उत्तरं लांबच्या लांब, त्यांच्याच शब्दांत छापली. ही बाई अमुक विचाराचं उदाहरण, असं करून नव्हे. या बायाच थिऑलॉजी करतात, असा तिचा सरळ दावा. ज्या विद्येत शतकानुशतकं पुरावा म्हणून लॅटिन ग्रंथ पुढं ठेवायची पद्धत, तिथं तिनं पुराव्याच्या जागी स्वयंपाकघरातलं बोलणं ठेवलं.

त्या बोलण्याला तिनं नाव दिलं ‘लो कोतिदियानो’. रोजचं. मराठीत ‘दैनंदिन’ म्हणता येईल, पण तो डायरीवरचा शब्द. रोजचं हाच खरा. त्यातही आपली एक गंमत आहे. ‘त्यात काय, रोजचंच आहे’ हे वाक्य आपण बोलणं संपवायला वापरतो. नवरा ओरडतो, रोजचंच. पाणी येत नाही, रोजचंच. आदा मारिया तिथंच खुर्ची ओढून बसते. रोजचं आहे ना, मग सांग. भाडं कसं भरलंस? मुलाला कुठल्या बसनं पाठवलंस? आज कुणापुढं गप्प बसलीस, आणि का? तिच्या एका प्रकरणाचं नाव आहे ‘उन पोकितो दे हुस्तिसिया’, म्हणजे थोडासा न्याय. न्याय हा शब्द आम्ही नेहमी मोठ्या अक्षरात लिहितो. तिच्या बायका तो चिमूटभर मागतात, शेजारणीकडे विरजण मागावं तसा.

आणि मग तो शब्द, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

इंग्रजीत देवाच्या राज्याला ‘किंगडम’ म्हणतात. आदा मारियाला त्यात दोन खडे लागायचे: एक, देव पुरुषच, असं त्यात गृहीत, दोन, राजा आला की वर कोण नि खाली कोण, हेही आलं. एका सिस्टर मैत्रिणीच्या तोंडून तिनं एक वेगळं रूप ऐकलं आणि ते आयुष्यभर वापरलं. ‘किंगडम’मधला ‘ग’ काढून टाकायचा. उरतं ‘किन-डम’. किन म्हणजे नात्याची माणसं. एक अक्षर गेलं आणि सिंहासनाच्या जागी पंगत आली. तिच्या मनातलं हे नातं रक्तापुरतं नव्हतं. लॅटिन अमेरिकेत बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्ममाता-धर्मपिता मिळतात, तसं ते आईबापांचेही कोणीतरी होतात: कोमाद्रे, कोम्पाद्रे, जोडआई, जोडबाप. अडीनडीला धावून येणारं हे मानलेलं नातं तिच्या डोळ्यांसमोर होतं.

मराठीत हे कसं आणायचं? आम्ही रोज म्हणतो, ‘तुझे राज्य येवो.’ यातलं कुठलंही अक्षर काढून काही साधत नाही. मी बरेच दिवस शब्द घोळवले. ‘गोतावळा’ बरा होता, पण त्याला लग्नघराचा गलका चिकटलेला. ‘सोयरे’ संतांनी आधीच वापरून ठेवलेला. शेवटी मला ‘गणगोत’ गवसला. तुझं गणगोत येवो. म्हणून पाहिलं, कानाला गोड लागलं. दोन दिवस मी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी आठवलं की आपल्याकडे ‘गोत’ जितकं जवळ घेतं, तितकंच बाहेर टाकतं. जातगोत हा एकच शब्द आहे. गोतानं वाळीत टाकलेल्या माणसाला राजाकडे तरी दाद मागता येई. राजाच नसला, तर गोतावर अपील नाही. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून हे सुटलं, असं म्हणायची सोय नाही. लग्नं जुळवताना आमच्याकडेही कोण कुठल्या समाजाचा, याची चौकशी आधी होते, प्रार्थना मागून.

आदा मारियावर टीका करणाऱ्याही होत्या, आणि त्या घरच्याच होत्या. मारिया पिलार आकिनो या मेक्सिकोत जन्मलेल्या थिऑलॉजियननं विचारलं: मुहेरिस्ता नावाची चळवळ आहे कुठे? रस्त्यावर कुठली बाई स्वतःला मुहेरिस्ता म्हणवते? लॅटिन अमेरिकेत ‘फेमिनिस्ता’ म्हणवणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मग तो शब्द गोऱ्या बायांचा म्हणून सोडून का द्यायचा? मला हा आक्षेप निम्मा पटतो. दादरच्या फुटपाथवर बसलेल्या माझ्या आईला ना फेमिनिस्ट म्हणून कळलं असतं ना मुहेरिस्ता म्हणून; नाव ठेवायची हौस नेहमी शिकलेल्या लेकीला. पण नाव ठेवल्याशिवाय सेमिनरीच्या दारातून आत शिरताही येत नाही, हेही तितकंच खरं. बिननावाचं सगळं तिथं ‘इतर’ या फायलीत जातं.

आणि ती नुसती नाव ठेवून थांबली नव्हती. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, ज्याला तिथले लोक एल बारिओ म्हणतात, अवर लेडी क्वीन ऑफ एंजल्स नावाचं चर्च होतं. २००७च्या फेब्रुवारीत आर्चडायोसिसनं, म्हणजे चर्चच्या तिथल्या धर्मप्रांतानं, ते बंद केलं. आत ठाण मांडून बसलेल्या सहा बायांना पोलिसांनी धरून नेलं. त्यानंतर तिथले लोक रविवारी बंद दाराबाहेर, फुटपाथवर प्रार्थना करू लागले. चौसष्ट वर्षांची ही पीएच.डी. बाई त्या फुटपाथवरच्या लोकांत होती. धर्मगुरू व्हायला तिला चर्चनं नाही म्हटलं होतं. आता चर्चचं दारच बंद होतं, आणि प्रार्थना तर चालली होती. त्या चित्राकडे बघताना मला तिच्या पुस्तकांची तितकीशी गरज वाटत नाही.

१३ मे २०१२ला न्यूयॉर्कमध्ये ती कर्करोगानं गेली. त्या दिवशी रविवार होता, आणि अमेरिकेत मदर्स डे.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे. गुडघ्यांमुळे चर्चला जाणं कमी झालंय, पण संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकत नाही. परवा रोझरी संपल्यावर ती लसूण सोलत बसली होती, तेव्हा मी तिला या बाईची गोष्ट सांगितली. हवाना, निर्वासित, फुटपाथ. तिनं नीट ऐकलं. ‘तिकडं थंडी असेल नाही बाहेर बसायला?’ एवढंच विचारलं. मग मी घाबरत घाबरत म्हटलं, ‘आई, तुझे राज्य येवो म्हणतो ना आपण, त्याच्याऐवजी तुझं गणगोत येवो म्हटलं तर?’

‘कुणाचं?’

‘देवाचं.’

तिनं दोन पाकळ्या सोलल्या. मला वाटलं, आता पाप लागेल वगैरे म्हणणार.

‘राजाच बरा,’ ती म्हणाली. ‘राजाकडं वाढपी असतात. गणगोत आलं की सगळं आपल्यालाच करायला लागतं.’

आदा मारियाला यावर काय म्हणावंसं वाटलं असतं, याचा मी बराच वेळ विचार केला. मग ती झेरॉक्स पानं काढली, ‘किन-डम’च्या शेजारी समासात पेन्सिलीनं आईचं वाक्य लिहिलं, खाली तारीख घातली, आणि लसूण सोलायला बसले.